लॉगिन आहे, डेटाबेस आहे, तरी विद्यार्थी म्हणतात ‘काहीच सापडत नाही’ : समस्या निवारण

प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आली की कॉलेजच्या ग्रंथालयात एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. “मॅडम, एन-लिस्टवर आमच्या विषयाचं काहीच नाही.” एन-लिस्ट म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं आणि पुस्तकं वाचायला देणारी सेवा. तक्रार घेऊन येणारा विद्यार्थी आळशी नसतो. त्याने खरोखर अर्धा-पाऊण तास मोबाईलवर घालवलेला असतो आणि हाती काही न लागल्यामुळे तो खट्टू झालेला असतो. तिथेच त्याला मदत मिळाली नाही, तर तो गूगलवरच्या पहिल्या दोन-तीन दुव्यांतून मजकूर उचलतो आणि प्रकल्प बांधून टाकतो. पूर्वी हा प्रश्न एम.ए. आणि पीएच.डी.पुरता होता. नव्या शैक्षणिक धोरणामुळे संशोधन प्रकल्प पदवीच्या वर्गांतच आला आहे, त्यामुळे आता तो आपल्या सगळ्यांच्या दारात आहे.

ही तक्रार आली की आपण सवयीने पासवर्ड तपासायला घेतो. पासवर्ड हेच कारण असेल तर ते लवकर सुटतं. पण बहुतेक वेळा लॉगिन व्यवस्थित असतं, डेटाबेसही उघडलेला असतो, आणि गाडी सर्च बॉक्समध्ये काय टाइप केलं यावर अडलेली असते. म्हणून कोणताही उपाय सांगण्याआधी एकच विचारा : “काय टाइप केलंस ते दाखव.” शक्य असेल तर ब्राउझरची हिस्टरी उघडून दोघांनी मिळून बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

आधी लॉगिनची बाजू मोकळी करा

एन-लिस्ट हा गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा कॉलेजांसाठीचा कार्यक्रम आहे. विद्यार्थ्याचं खातं कॉलेजने पाठवलेल्या यादीतून तयार होतं. यादीत नाव नसेल किंवा ईमेल चुकला असेल, तर विद्यार्थ्याने ‘फरगॉट पासवर्ड’ कितीही वेळा दाबलं तरी उपयोग नाही. यादीतला ईमेल अक्षर न् अक्षर बरोबर आहे का, पासवर्डचा ईमेल स्पॅममध्ये पडला आहे का आणि कॉलेजचं वार्षिक सदस्यत्व चालू आहे का, या क्रमाने तपासा. तालुक्याच्या कॉलेजांत एक गोष्ट सर्रास आढळते : प्रवेश अर्ज भरताना सायबर कॅफेवाल्याने स्वतःचाच ईमेल टाकलेला असतो. त्या विद्यार्थ्याला पासवर्ड कधीच मिळणार नाही. प्रवेशाच्या यादीवरून खाती काढू नका. वर्गात एक कोरा तक्ता फिरवून ईमेल नव्याने लिहून घ्या.

दुसरा प्रकार असा. विद्यार्थी गूगलवर लेख शोधतो, थेट प्रकाशकाच्या पानावर पोहोचतो आणि तिथे डॉलरमध्ये किंमत दिसते. त्याला वाटतं, आपल्याला परवानगी नाही. प्रत्यक्षात तो कोणत्या कॉलेजचा आहे हे त्या पानाला कळलेलंच नसतं. आधी एन-लिस्टच्या पानावर लॉगिन करून तिथून डेटाबेसमध्ये जायचं, किंवा प्रकाशकाच्या पानावर संस्थेमार्फत लॉगिन करण्याचा पर्याय शोधायचा. यादीत कोणते स्रोत आहेत हेही दर वर्षी उघडून बघा, कारण ती बदलत असते. मागच्या वर्षीच्या माहितीपत्रकाची झेरॉक्स वाटू नका.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ची बातमी विद्यार्थ्यांनी वाचलेली असते. देशभरच्या संस्थांना एकाच सदस्यत्वातून संशोधन नियतकालिकं देणाऱ्या या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली : २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. पण ही योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. खाजगी शिक्षणसंस्थेच्या कॉलेजने आपलं नाव यादीत आहे का ते पाहूनच विद्यार्थ्यांना आशा दाखवावी.

आणि काहीच नसलं तरी जेस्टोर या संशोधन नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर कुणीही मोफत वैयक्तिक खातं काढू शकतं आणि महिन्याला १०० लेखांपर्यंत ऑनलाइन वाचू शकतं. डाउनलोड होत नाहीत, पण वाचता येतात. पदवीच्या प्रकल्पाला हे पुरून उरतं. दर वर्षी पहिल्याच तासाला प्रत्येकाकडून हे खातं काढून घ्यावं असं मी आग्रहाने सांगेन, कारण मग ‘पासवर्ड चालत नाही’ ही सबब उरत नाही.

खरा बिघाड : प्रकल्पाचं शीर्षकच टाइप केलेलं असतं

हिस्टरी उघडली की जे दिसतं त्याचा एक नमुना घेऊ. विषय आहे ‘महाराष्ट्रातील दुष्काळाचा शेतकऱ्यांच्या जीवनावर झालेला परिणाम : एक चिकित्सक अभ्यास’. विद्यार्थ्याने हे पूर्ण वाक्य गूगल ट्रान्सलेटमधून इंग्रजीत नेलं आणि जसंच्या तसं सर्च बॉक्समध्ये चिकटवलं. काही डेटाबेस सगळे शब्द एकत्र असलेलाच लेख शोधतात, तिथे निकाल शून्य येतो. काही डेटाबेस यातला कोणताही शब्द असलेला लेख आणतात, तिथे हजारो निकाल येतात आणि पहिल्या पानावर ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांवरचा लेखही दिसू शकतो. दोन्ही वेळा विद्यार्थ्याचा निष्कर्ष सारखाच : “आमच्या विषयाचं काही नाही.”

‘परिणाम’, ‘जीवन’, ‘चिकित्सक’, ‘अभ्यास’ हे शब्द जगातल्या कोणत्याही लेखात असू शकतात. ते शोधाला आडवे येतात. आधी पेन्सिल घेऊन ते खोडायला लावा. उरतात ‘महाराष्ट्र’, ‘दुष्काळ’, ‘शेतकरी’. हे तीन शब्दही अजून फार मोठे आहेत, पण आता त्यांच्याबद्दल प्रश्न विचारता येतो.

कोणता दुष्काळ? इथे विद्यार्थी बहुधा थांबतो, कारण हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसतो. १८७६-७८ चा? १९७२ चा? २०१५-१६ चा, जेव्हा लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं? घरात विचारून ये म्हटलं तर मराठवाड्यातल्या किंवा सोलापूर-नगर भागातल्या मुलाला बहात्तरच्या दुष्काळाबद्दल आजी-आजोबांकडून ऐकायला मिळतंच : सुकडी (कामावर वाटलं जाणारं पोषक अन्न), खडी फोडण्याची कामं, नाला बंडिंग, पाझर तलाव. तिथून प्रश्न आकार घेतो. ‘१९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर गेलेल्या कुटुंबांचं काय झालं, आणि त्यातून रोजगार हमी योजना कशी उभी राहिली?’ आता शोधण्याजोगं काहीतरी हातात आलं.

फळ्यावर तीन रकाने काढा. हा भाग घाईत उरकू नका. माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणात हाच वेळ सर्वांत मोलाचा आहे, आणि त्याला इंटरनेटही लागत नाही.

पहिल्या रकान्यात दुष्काळाला इंग्रजीत जे जे म्हटलं जातं ते लिहायचं : ड्रॉट, फॅमिन, स्कॅर्सिटी. तिसरा शब्द विद्यार्थ्यांना सुचत नाही आणि महाराष्ट्राच्या बाबतीत नेमका तोच लागतो. १९६३ मध्ये महाराष्ट्राने कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच वगळला आणि त्या जागी ‘स्कॅर्सिटी’ आणला. म्हणून १९७२ बद्दलच्या सरकारी कागदपत्रांत आणि त्यांवर आधारलेल्या लेखांत ‘स्कॅर्सिटी’ असतं, मराठीत ‘टंचाई’ असतं, आणि फक्त ‘फॅमिन’ टाकणाऱ्याच्या हाती त्यातलं फार थोडं लागतं. ही गोष्ट वर्गात सांगा. शब्द नुसते शब्दकोशातून येत नाहीत, सरकारी निर्णयांतूनही येतात, हे कळल्यावर मुलं शोधशब्दांकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात.

दुसऱ्या रकान्यात जागा : महाराष्ट्र, मराठवाडा, डेक्कन, आणि त्या त्या जिल्ह्याचं नाव. तिसऱ्यात नेमका मुद्दा : एम्प्लॉयमेंट गॅरंटी, रिलीफ वर्क्स, रूरल वर्क्स.

मग जोडणी. एकाच रकान्यातले शब्द ‘ऑर’ने जोडायचे, वेगवेगळ्या रकान्यांतले ‘अँड’ने. दोन-तीन शब्द मिळून एक संज्ञा होत असेल तर ती अवतरणचिन्हांत घालायची, नाहीतर ‘एम्प्लॉयमेंट’ एका पानावर आणि ‘गॅरंटी’ दहाव्या पानावर असलेले लेखही येतील. टाइप करताना हे सगळं रोमन लिपीत, आणि ‘अँड’, ‘ऑर’ मोठ्या अक्षरांत. बऱ्याच डेटाबेसमध्ये छोट्या अक्षरांतला ‘अँड’ साधा शब्द म्हणून घेतला जातो. शब्दाच्या शेवटी तारा (*) टाकला की त्याची सगळी रूपं येतात, ही सोय जेस्टोरसारख्या डेटाबेसमध्ये चालते. गूगल स्कॉलरमध्ये, म्हणजे गूगलच्या अभ्यासलेख शोधायच्या सेवेत, ती चालत नाही, म्हणून तिथे सवयीने तारा टाकणाऱ्याला हटकून सांगा.

एवढं करून ‘एम्प्लॉयमेंट गॅरंटी’ शोधलं की एक नवाच पूर येतो : २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यावरचे लेख. महाराष्ट्राची योजना १९७२ मध्ये सुरू झाली, तिचा कायदा १९७७ चा आहे, पण लेखांची संख्या २००५ नंतर प्रचंड वाढली. इथे तारखेचा फिल्टर शिकवायची उत्तम संधी मिळते. १९७० ते १९८५ एवढीच वर्षं निवडा आणि पुन्हा शोधा. यादी झटकन आटोक्यात येते आणि मुलांच्या चेहऱ्यावर ते दिसतं. फिल्टर कोऱ्या उदाहरणावर दाखवला तर कुणाच्या लक्षात राहत नाही. अडचण अंगावर आल्यावर दाखवला तर विसरला जात नाही.

एक चांगला लेख सापडला की शोध थांबवायचा नाही

वरच्या शोधात ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधले लेख येतात. मुंबईहून १९६६ पासून निघणारं हे साप्ताहिक महाराष्ट्रावर काम करणाऱ्याला टाळताच येत नाही. त्यात वुल्फ लाडेजिन्स्की यांचा १९७३ मधला महाराष्ट्राच्या दुष्काळावरचा लेख आहे. जमीन सुधारणांचा हा अभ्यासक तेव्हा दुष्काळी भागात स्वतः फिरला होता. समजा विद्यार्थ्याला हा लेख मिळाला. त्याच्या दृष्टीने काम झालं. आपल्या दृष्टीने इथून सुरुवात आहे.

लेखाला दोन दारं असतात. मागच्या दाराने लेखकाने कशाचा आधार घेतला ते दिसतं : तळटीपा, संदर्भसूची, सरकारी अहवाल. पुढच्या दाराने नंतर कोणी या लेखाचा आधार घेतला ते दिसतं. त्यासाठी गूगल स्कॉलरवर लेखाचं शीर्षक टाकायचं आणि त्याखालच्या ‘साइटेड बाय’वर क्लिक करायचं. १९७३ च्या एका लेखावरून पुढच्या पन्नास वर्षांत त्या दुष्काळाबद्दल कोण काय म्हणालं हे उलगडत येतं. त्यात ज्याँ द्रेझ यांच्यासारखे अर्थतज्ज्ञही भेटतात, ज्यांनी भारतातल्या दुष्काळ-निवारणाचा अभ्यास करताना १९७०-७३ चा महाराष्ट्र तपशिलात घेतला. आणि मग विद्यार्थ्याच्या लक्षात येतं की विद्वानांमध्ये मतभेद आहेत : सरकारी कामांनी माणसं वाचवली हे खरं, पण किती, कोणाची, आणि कोणत्या किमतीवर? प्रकल्पात लिहिण्यासारखं खरं काही असेल तर ते या मतभेदात आहे.

जागेचं नाव बदललं, जिल्हाही बदलला

एखाद्याने ‘लातूर जिल्हा, १९७२’ असं शोधलं आणि काहीच आलं नाही, तर त्याला नकाशा दाखवा. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. जालना जिल्हा १९८१ मध्ये औरंगाबादमधून निघाला. १९७२ च्या लेखांत या जिल्ह्यांची आकडेवारी उस्मानाबाद आणि औरंगाबाद या नावांखालीच मिळणार. आजची मुलं धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर टाइप करतात. ती नावं २०२३ मध्ये अधिकृत झाली, त्याआधीच्या लेखांत ती अभावानेच येतील. अहिल्यानगरचंही तसंच. मुंबई-बॉम्बे आणि पुणे-पूना या जोड्या तर कायम ‘ऑर’ने जोडून ठेवाव्यात.

मराठवाड्यावर जुनं काही शोधायचं तर आणखी मागे जावं लागतं. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणून १९३० च्या औरंगाबादमधल्या शेतीबद्दलचा अहवाल ‘हैदराबाद’ या नावाखाली असतो. इतिहासाच्या शिक्षकांनी हा तक्ता एकदा बनवून ग्रंथालयात लावला तर पुढच्या सगळ्या तुकड्यांना तो उपयोगी पडेल.

संतसाहित्यावर काम करणाऱ्यांची अडचण स्पेलिंगची. ज्ञानेश्वरांचं नाव इंग्रजीत कुणी ‘डी-एन’ने लिहितं, कुणी ‘जे-एन’ने, कुणी हिंदी उच्चाराप्रमाणे ‘जी-वाय’ने, तर कुणी ज्ञानदेव असंच. वारकरी ‘डब्ल्यू’ने आणि ‘व्ही’ने, दोन्ही प्रकारे. विठोबा, विठ्ठल, पांडुरंग ही तीन नावं वेगळी, आणि विठ्ठलमध्ये ‘टी’ एक की दोन, ‘एच’ आहे की नाही, यावर निकाल बदलतात. परदेशी विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी अक्षरांवर रेघा-टिंबं दिलेली असतात. रेघा-टिंबं टाइप नाही केली तरी सहसा चालतं, पण स्पेलिंग जुळावंच लागतं. म्हणून एखादा लेख सापडला की त्यातली स्पेलिंगं वहीत उतरवून घ्यायची आणि पुढचा शोध त्या स्पेलिंगने करायचा.

मराठीत टाइप केलं तर काहीच येत नाही

मराठी विभागातल्या विद्यार्थ्यांचा हा रास्त प्रश्न आहे, आणि त्यांना “इंग्रजीत शोध” असं उत्तर देणं अन्यायाचं वाटतं. त्यांचं साहित्य मराठीत आहे. ते कुठे आणि का लपलं आहे हे समजावून सांगायला हवं.

पहिलं कारण फॉन्टचं. शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात मराठीतले भरपूर प्रबंध आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या नियमावलीनंतर विद्यापीठांनी प्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती तिथे ठेवायला सुरुवात केली. पण अनेक प्रबंध श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेले किंवा छापील प्रतीवरून स्कॅन केलेले आहेत. पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी किंवा नुसतं चित्र असतं. याची परीक्षा सोपी आहे : पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी आलं तर त्या फाईलमध्ये शोधता येईल. निरर्थक अक्षरं आली किंवा काहीच कॉपी झालं नाही, तर नाही.

उपाय असा की आतला मजकूर शोधायचा नाही, शीर्षक शोधायचं, आणि शीर्षक अनेकदा रोमन लिपीत नोंदवलेलं असतं : ‘ग्रामीण कादंबरी’, ‘दलित आत्मकथन’ हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाका. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे सर्च बॉक्स सोडून विद्यापीठ निवडायचं, मग मराठी विभाग, आणि यादी डोळ्यांनी चाळायची. वेळ लागतो, पण नेमकं मिळतं. प्रबंध प्रकरणांच्या वेगवेगळ्या फाईलींत असतो, म्हणून सगळा डाउनलोड करायची गरज नाही. बऱ्याच प्रबंधांत ‘रेकमेंडेशन’ नावाची एक फाईल असते, तिच्यात निष्कर्ष असतात. ती आधी वाचा, मग संदर्भसूचीची फाईल उघडा. आपल्या विषयावरच्या मराठी ग्रंथांची आणि नियतकालिकांतल्या लेखांची तयार यादी हाती येते. ती यादी घेऊन ग्रंथालयाच्या कपाटाकडे जायचं. निम्मी पुस्तकं तिथे असू शकतात.

दुसरं कारण शब्दांच्या रूपांचं. इंग्रजी शब्दाची रूपं बऱ्याच डेटाबेसना कळतात, मराठीची कळत नाहीत. ‘दुष्काळ’ शोधलं तर ‘दुष्काळाचा’, ‘दुष्काळी’, ‘दुष्काळात’ येतीलच याची खात्री नसते. प्रत्येक रूप वेगळं टाकून बघावं. शिवाय ‘शेतकऱ्यांचा’मधला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टाइप होतो, डोळ्यांना सारखाच दिसतो आणि संगणकाला वेगळा. असा शब्द टाळून ‘शेतकरी’ किंवा ‘शेती’ टाकलेलं बरं.

तिसरं कारण जुन्या लेखनाचं. आज आपण पाळतो ते शुद्धलेखनाचे नियम १९६२ नंतर रुळले. त्याआधीच्या पुस्तकांत अनुस्वारांची रेलचेल आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या खंडांची नोंद कुठे अनुस्वारांसह, कुठे अनुस्वारांशिवाय, तर कुठे रोमन लिपीत आढळते. इंटरनेट अर्काइव्हवर ती रोमन नोंद करणाऱ्याने स्वतःच्या मनाने केलेली असते. तिथे पूर्ण शीर्षकापेक्षा ‘राजवाडे’ आणि ‘साधने’ एवढे दोन शब्द जास्त कामाचे.

आणि मराठीतून सुरुवात करायला उत्तम जागा आहेत, त्या पहिल्याच दिवशी दाखवा : वाईहून आकाराला आलेला आणि आता ऑनलाइन असलेला मराठी विश्वकोश, राज्याची जिल्हा गॅझेटिअर्स, आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ‘ग्रंथ संजीवनी’, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचा डिजिटल संग्रह. या शेवटच्यात जुने सरकारी अहवाल आहेत. वरच्या दुष्काळाच्या प्रश्नासाठी तो पाहिलाच पाहिजे.

सापडलं, पण वाचलं जात नाही

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला वीस पानांचा इंग्रजी लेख उघडल्यावर जी धास्ती वाटते ती खरी आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करून डेटाबेस शिकवता येत नाही. लेख डाउनलोड होतात, फोल्डर भरतं आणि संदर्भसूचीत न वाचलेल्या लेखांची नावं जातात.

वाचनाचा क्रम शिकवा. आधी मराठी विश्वकोशातली नोंद किंवा मराठी प्रबंधातलं एखादं प्रकरण, म्हणजे विषयाची ओळख आपल्या भाषेत होते. मग इंग्रजी लेखाचा सारांश, पहिली दोन पानं आणि शेवटचं पान. मधला भाग नंतर, गरज असेल तेवढाच. यंत्राने केलेलं भाषांतर समजून घ्यायला चालेल, प्रकल्पात चिकटवायला नाही. वर्गात एकदा एक सारांश सगळ्यांनी मिळून वाचा, एकेक वाक्य मराठीत सांगायला लावा. जी मुलं एरवी तोंड उघडत नाहीत ती गावातल्या पाझर तलावाचा संदर्भ आला की बोलू लागतात, आणि लेखकाने काय सोडून दिलं हेसुद्धा सांगतात.

चॅटबॉटने दिलेले संदर्भ

ही अडचण नवी आहे आणि वेगाने वाढते आहे. संदर्भसूची देखणी असते, लेखक खरे असतात, नियतकालिक खरं असतं, लेख मात्र अस्तित्वात नसतो. तपासणी कडक ठेवा : लेखाचं शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर टाका. डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) दिला असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून बघा, तो नेमका त्याच लेखावर नेतो का. नियतकालिकाच्या त्या वर्षाच्या, त्या अंकाच्या अनुक्रमणिकेत लेख आहे का ते पाहा. तीनही ठिकाणी नसेल तर संदर्भ काढून टाकायचा, चर्चा नाही. विद्यार्थ्याला रागावण्यापेक्षा ही तपासणी त्याच्याच हातून करून घ्यावी. स्वतःच्या यादीतले लेख एकामागून एक गायब होताना पाहिले की पुन्हा सांगावं लागत नाही.

खरा पण निकृष्ट लेख ओळखणं जास्त अवघड. यूजीसीने मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे ‘यादीत आहे’ एवढ्यावर आता भागत नाही. संपादक मंडळ कोण, लेखाला परीक्षण झालं का, चार दिवसांत छापून देण्याची जाहिरात आहे का, पैसे कशासाठी घेतात, हे प्रत्येक वेळी बघावं लागतं, आणि ते विषय शिक्षकाने विद्यार्थ्यासोबत बसून बघितलेलं बरं.

ओरिएंटेशन कधी आणि कसं

ही तक्रार दर वर्षी परत येते याचं मुख्य कारण वेळ चुकते हे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दोनशे मुलं सभागृहात बसवून प्रोजेक्टरवर एन-लिस्ट दाखवलं जातं. त्या दिवशी कुणाकडेच विषय नसतो. फोटो निघतात, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फाईलमध्ये अहवाल जातो, आणि जानेवारीत तीच मुलं रिकाम्या हातांनी येतात.

सत्र विषय ठरतात त्या आठवड्यात घ्या, वर्ग लहान ठेवा आणि विषय शिक्षकाला सोबत बसवा. ही शेवटची अट मी सोडणार नाही. शोध कसा घ्यायचा ते ग्रंथपाल सांगू शकतो, पण कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे हे विषय शिक्षकच सांगू शकतो, आणि दुष्काळाच्या उदाहरणात सगळं तिथेच ठरलं. पहिला तास कागद-पेन्सिलवर, तीन रकान्यांचा. वीज नसली, नेट नसलं तरी हा तास होतो. दुसरा तास संगणकावर, नसेल तर एका बाकावर एक मोबाईल, प्रत्येकाने स्वतःचाच विषय शोधायचा. तयार उदाहरणावर सराव देऊ नका, त्यात मुलांना यश मिळतं आणि स्वतःच्या विषयावर आली की ती पुन्हा अडखळतात.

आणि शोधाची नोंदवही ठेवायला लावा. तारीख, कोणता डेटाबेस, नेमके कोणते शब्द टाकले, किती निकाल आले, कोणता लेख ठेवला आणि का. अंतर्गत गुणांतले थोडे गुण या वहीला द्यावेत म्हणून विभागप्रमुखांशी आधीच बोला. गुण नसतील तर वही भरली जात नाही, हे वास्तव आहे. वही असली की मार्गदर्शकाला ‘काहीच सापडत नाही’ ऐकल्यावर अंदाज बांधावा लागत नाही. शब्द कुठे चुकले ते पान उघडून दिसतं, आणि चॅटबॉटवरून आणलेली सूचीही तिथेच उघडी पडते, कारण तिच्यामागे शोध नसतो.

एवढं करूनही अडलं तर

विद्यार्थ्याने ग्रंथपालाकडे येताना चार गोष्टी लिहून आणाव्यात : माझा प्रश्न एका वाक्यात, मी कोणकोणत्या ठिकाणी शोधलं, कोणते शब्द वापरले, आणि आतापर्यंत मिळालेला सर्वांत जवळचा लेख कोणता. व्हॉट्सॲपवर विचारायचं असेल तरी हेच चार मुद्दे पाठवावेत.

हे हातात असलं की ग्रंथपालाला पुढचं पाऊल ठरवता येतं. लेखाचं नाव माहीत आहे पण तो उघडत नाही, तर लेखकाच्या विद्यापीठाच्या पानावर त्याची मोफत प्रत असते का बघायचं. नसेल तर लेखकाला ईमेल लिहायचा, बरेच लेखक आनंदाने पाठवतात. कॉलेज डेलनेटचं (ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तकं-लेख पुरवण्याचं जाळं) सदस्य असेल तर तिथून मागवायचं. शब्दच चुकत असतील तर रकान्यांकडे परत जायचं. आणि शब्द बरोबर, जागा बरोबर, तरी खरोखर काही नसेल, तर तो विषय डेटाबेसमध्ये सापडणारा नाही. मग विद्यार्थ्याला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, जुन्या वृत्तपत्रांच्या फाईलींत किंवा बहात्तर साली खडी फोडलेल्या माणसांकडे पाठवायचं, आणि विषय शिक्षकाला तसं लगेच कळवायचं, म्हणजे प्रकल्पाची रूपरेषा वेळेत बदलता येते.